जहाजावरचा मसाज आणि भिडेची किंमत

मैत्रिणींनो, आपण घासाघीस करण्यात किती पटाईत असतो! भाजीवालीकडून कोथिंबिरीची जुडी वर मागून घेतो. साडीच्या दुकानात पन्नास साड्या उलगडायला लावून ‘परत येते हं’ म्हणत पायऱ्या उतरतो, आणि आपल्याला काहीच वाटत नाही. पण कुणी आपली थोडी सेवा केली, पाठीवरून मायेने हात फिरवला, की आपला हा सगळा कणखरपणा कुठल्या कुठे जातो. समोरच्या माणसाला ‘नको’ म्हणायचं कसं, ह्या विचारानेच आपण अर्धमेल्या होतो.

माझं असंच झालं. तेही घरापासून हजारो मैलांवर, भर समुद्रात! त्याची गोष्ट तुम्हांला सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, ‘बोटीवरच्या मसाजचं आम्हांला काय? आम्ही कुठे जाणार आहोत बोटीवर!’ पण असं म्हणू नका. मुलं-भाचे परदेशी असतात, ते हौसेने तिकिटं काढतात. आपल्या मुंबईहूनही अलीकडच्या वर्षांत गोवा-लक्षद्वीपकडे अशी जहाजं निघू लागली आहेत. शिवाय जे तिथे घडतं, तेच थोड्या फरकाने आपल्या गावातल्या पार्लरमध्येही घडतं. तेव्हा ऐका तर खरं.

सासरचं गोकुळ समुद्रावर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. माझ्या मोठ्या वन्संचा मुलगा सिंगापूरला नोकरीला आहे. त्याने आई-वडिलांना आणि आम्हां दोघांना बोलावून घेतलं आणि चार रात्रींच्या जहाजाच्या सफरीची तिकिटं हातात ठेवली. सिंगापूरहून निघायचं, पेनांग, फुकेत बघायचं, एक दिवस नुसता समुद्रावर काढायचा आणि परत सिंगापूर. मरीना बेच्या धक्क्यावर ते जहाज पाहिलं आणि मी तोंडात बोटच घातलं. अहो, जहाज कसलं, आमच्या गावची अख्खी पेठ त्यात मावली असती!

पहिल्याच दिवशी, अजून बॅगा खोलीत पोचल्या नव्हत्या, तोच ‘स्पा’ बघायला चला म्हणून आमंत्रण आलं. स्पा म्हणजे मसाज, वाफ, चेहऱ्याचं फेशियल वगैरे करून घ्यायची जागा. सुगंधी, थंड, अर्धवट अंधाराची. तिथे चिठ्ठ्या टाकून सोडत होती. आम्हां दोघींनाही बक्षीस लागलं, म्हणजे सवलतीचं कूपन. मी हरखले. मागाहून पाहते तो काय, भोवतालच्या जवळजवळ प्रत्येकीच्या हातात कूपन होतं!

वन्सं म्हणाल्या, “अगं, जा की! लग्न झाल्यापासून दुसऱ्यांच्या पाठीला तेल लावत आलीस. एकदा तुझ्या पाठीला कुणी लावू दे.”

ह्यांनीही मोडता घातला नाही. पन्नास मिनिटांचा मसाज, एरवी १४९ डॉलर, पण पेनांगच्या दिवशी ११९. बंदर आलं की बहुतेक प्रवासी गाव बघायला उतरतात, स्पा रिकामा राहतो, म्हणून त्या दिवशी दर उतरतात. आम्ही दोघांनी बसून हिशेब केला आणि तेवढे पैसे माझ्या हौसेसाठी बाजूला काढले. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

उत्तरपत्रिका मीच लिहिली

मी शाळेत तासिका तत्त्वावर मराठी आणि इतिहास शिकवते. परीक्षेच्या आधी मुलांना हजारदा बजावते, ‘प्रश्न काय विचारलाय ते नीट वाचा, मग उत्तर लिहा.’ आणि माझी मात्र त्या दिवशी फजिती झाली.

गेल्याबरोबर एका मुलीने हातात कागद दिला. पहिले प्रश्न प्रकृतीचे होते. रक्तदाब आहे का, गरोदर आहात का, कसली ॲलर्जी आहे का. हे विचारायलाच हवं आणि खरं सांगायलाही हवं. पण त्याखाली आणखी एक प्रश्न होता, ‘आपल्याला कशाची चिंता वाटते?’ आणि समोर लांबलचक यादी. चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, पोट, मांड्या, थकवा, झोप.

आता सांगा, दोन बाळंतपणं झालेल्या बाईला ह्यातली कुठली चिंता नसते? मी आपल्या भाबडेपणाने खुणा करीत गेले. मला वाटलं, त्याप्रमाणे मसाज करतील. पण मैत्रिणींनो, तो कागद मसाजसाठी नव्हताच. मला पुढे काय काय विकायचं, त्याची यादी मीच माझ्या हाताने करून देत होते!

मसाज मात्र उत्तम झाला, हे कबूल करायला हवं. मुलीचा हात हलका होता. खांदे, मान, पाठ सगळं कसं सैल झालं. डोळे मिटायला लागले. आणि शेवटची दहा मिनिटं उरली असतील, तोच ती हळूच कानाशी बोलू लागली.

“मॅडम, तुमच्या खांद्यात फार गाठी आहेत. शरीरात टॉक्सिन्स साचलेत. किती वर्षं स्वतःकडे लक्ष दिलं नाही तुम्ही?”

किती वर्षं! हा प्रश्न कुठल्या बाईला लागणार नाही? माझ्या तर डोळ्यांत पाणीच यायचं राहिलं.

मग तिने मला उठवून खुर्चीत बसवलं, हातात आल्याचा गरम चहा दिला. अंगावर टॉवेलच्या कापडाचा पांढरा झगा, केस तेलाने चपचपीत, चष्मा बाहेर कपाटात. अशा अवतारात माणूस काय वाद घालणार! तिने डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात तसा एक कागद पुढे केला. त्यावर चार बाटल्यांची नावं, प्रत्येकीपुढे सकाळ-संध्याकाळ कशी लावायची ते. वांगासाठी ही, कमरेसाठी ती, टॉक्सिन्ससाठी समुद्रातल्या शेवाळाची तिसरी. चारांची बेरीज ३४० डॉलर.

बहाण्यांची दुर्दशा

मी ‘नको’ म्हटलं नाही. ह्यातच सगळं आलं. मी बहाणे सांगितले.

‘फार महाग आहे हो,’ म्हटलं. ती म्हणाली, ‘दोन घेतल्या तर सूट देते.’

‘बॅगेत जागा नाही,’ म्हटलं. ती म्हणाली, ‘ह्या लहान आहेत. आणि हवं तर घरपोच पाठवायचीही सोय आहे.’

‘घरी माझ्याकडे क्रीम आहे,’ म्हटलं. ती म्हणाली, ‘त्याने फरक पडला असता, तर हे डाग राहिले असते का?’

शेवटी मी आपलं नेहमीचं हुकमी अस्त्र काढलं. ‘मिस्टरांना विचारून सांगते.’ ती गोड हसली. ‘आत्ता पैसे कुठे द्यायचेत? खोलीच्या खात्यावर टाकते. आणि मॅडम, स्वतःच्या त्वचेसाठीसुद्धा विचारावं लागतं?’

झालं! बी. ए. झालेली, चार पैसे मिळवणारी बाई मी. ह्या वाक्याने माझा स्वाभिमान असा काही जागा झाला, की मी दोन बाटल्या घेऊन सही करून मोकळी झाले. एक ९६ डॉलरची आणि एक ७२ ची. एकूण १६८. डॉलरला पंचाऐंशी रुपये धरले तरी चौदा हजारांच्या वर. माझ्या जवळजवळ दोन महिन्यांच्या तासिका!

खोलीत आले ती बाटल्यांची पिशवी साड्यांच्या घडीखाली सरकवली. कधी नव्हे ती ह्यांच्यापासून एक गोष्ट लपवली. फुकेतला समुद्र निळाशार होता म्हणे. मला आठवतो तो फक्त मनातला हिशेब. ‘परत गेल्यावर गॅसचं, दुधाचं, धाकट्याच्या शिकवणीचं कसं बसवायचं?’ मसाजने सैल झालेले खांदे दुसऱ्या दिवशी पुन्हा ताठ!

वन्संची तऱ्हा

चौथ्या दिवशी जहाज दिवसभर समुद्रावरच होतं. त्या दिवशी वन्सं स्पामध्ये गेल्या, मीही सोबत गेले. वन्संची सारी हयात बँकेत रोखपालाच्या खिडकीमागे गेली. माणसं ओळखण्यात त्या पक्क्या. त्यांच्या वाट्याला माझीच मुलगी आली होती.

चिंतांच्या यादीवर वन्संनी एक आडवी रेघ ओढली आणि मुलीला जवळ बोलावून आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, “हे बघ पोरी, मला फक्त मसाज हवाय. वस्तू एकही घेणार नाही. आधीच सांगते, म्हणजे तुझे शब्द वाया जायला नकोत आणि माझी झोप मोडायला नको.”

मला वाटलं, ती आता रागावणार. पण तिचा चेहरा उलट उजळला! ‘थँक यू, मॅम’ म्हणाली. वन्सं पुरी पन्नास मिनिटं निवांत झोपून आल्या. शेवटची दहा मिनिटंसुद्धा मसाजचीच मिळाली. चहा पिताना तिच्याशी गप्पाही झाल्या. मुलगी फिलिपाइन्सची. नऊ महिन्यांचा करार, घरी आईजवळ ठेवलेली चार वर्षांची मुलगी, तिच्याशी आठवड्यातून दोनदा फोनवर बोलणं. वन्संनी निघताना तिच्या हातावर थोडे डॉलर ठेवले आणि अभिप्रायाच्या कागदावर तिचं नाव घालून चार चांगल्या ओळी लिहिल्या.

जिन्यात मला विचारलं, “तू काही घेतलंस का गं परवा?”

आणि मी चक्क ‘नाही’ म्हटलं.

त्याच रात्री बिल आलं. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. खोलीचं कार्ड दाखवायचं, सही करायची, आणि साऱ्याचा हिशेब शेवटच्या रात्री पुढ्यात येतो. ह्यांनी तो वाचला. चिडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, “घ्यायच्या होत्या तर घ्यायच्या. पण सांगितलं का नाहीस?” ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला त्या बाटल्या नको होत्या, हेच तर मी कुणाला सांगू शकले नव्हते. ना त्या मुलीला, ना ह्यांना.

मग मात्र उठले. पिशवी घेतली आणि स्वागतकक्षाच्या खिडकीशी गेले. ९६ डॉलरची बाटली बंद होती. तिथल्या माणसाने स्पामध्ये फोन करून विचारलं आणि ती परत घेतली. ७२ ची उघडली होती, ती गळ्यात राहिली. खाली उतरल्यावर हे काही जमलं नसतं. म्हणून सांगते, बिल शेवटच्या रात्रीपर्यंत बघायचं टाळू नका. खोलीतल्या टीव्हीवर किंवा मोबाइलवर ते बहुधा रोज बघता येतं. रोज बघा, आणि काही चुकलं असेल तर जहाजावर असतानाच विचारा.

मुलगी वाईट नव्हे, पद्धत तशी

परत आल्यावर मी ह्या साऱ्याची थोडी चौकशी केली, तेव्हा उलगडा झाला. पुष्कळ जहाजांवरचा स्पा जहाजकंपनी स्वतः चालवत नाही. तो दुसऱ्या एखाद्या कंपनीला चालवायला दिलेला असतो आणि उत्पन्नात दोघींचा वाटा असतो. मसाज करणाऱ्या मुलींच्या कमाईचा मोठा भाग त्यांनी दिलेल्या सेवेवर आणि विकलेल्या वस्तूंवर मिळणाऱ्या कमिशनचा असतो. विक्री किती झाली पाहिजे, ह्याचे आकडे वरून ठरवून दिलेले असतात. बाटल्या विकणं हा त्यांच्या नोकरीचाच भाग.

हे कळल्यावर माझा त्या मुलीवरचा राग गेला. पण त्याचबरोबर माझी भीडही गेली. ‘तिला वाईट वाटेल’ म्हणून मी बाटल्या घेतल्या होत्या. वास्तविक तिला दिवसातून दहा जणी ‘नको’ म्हणत असतील. तिला ते सवयीचं. सवय नव्हती ती मला!

आणि तिच्याबद्दल कणव वाटत असेल, तर वन्संनी केलं ते करावं. नाव घालून चांगला अभिप्राय लिहावा, जमल्यास बक्षीस हातात द्यावं. सत्तर डॉलरची बाटली घेऊन तिच्या पदरात त्यातलं थोडंच पडतं.

टॉक्सिन्स, गाठी आणि वांग

आता त्या मोठमोठ्या शब्दांकडे वळू. मी डॉक्टर नाही, पण शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात जे आहे ते आपण विसरू नये. शरीरात तयार होणारी नकोशी द्रव्यं बाहेर टाकायचं काम यकृत आणि मूत्रपिंड करतात. बाहेरून शेवाळ थापून किंवा तेल चोळून ती ‘खेचून’ निघत नाहीत. निरोगी माणसाला त्यासाठी पाणी, साधं जेवण आणि झोप पुरते.

खांद्यातल्या ‘गाठी’ म्हणजे आखडलेले स्नायू. पाण्याच्या बादल्या, भाजीच्या पिशव्या, वह्यांचे गठ्ठे उचलून आणि तासन्‌तास मान खाली घालून काम करून ते आखडतात. मसाजने त्यांना तात्पुरता आराम पडतो, तो खरा असतो आणि त्याचे पैसे द्यायला हरकत नाही. पण रोज मानेचे साधे व्यायाम आणि वजन दोन्ही हातांत वाटून घेणं, ह्याचा उपयोग कुठल्याही बाटलीपेक्षा जास्त.

काही ठिकाणी शेवाळाचा लेप लावून, वर घट्ट गुंडाळून ‘एका बैठकीत इतके इंच कमी’ असं सांगतात. आधी टेपने मोजतात, नंतर मोजतात. त्या वेळी जे कमी दिसतं ते घामातून गेलेलं पाणी आणि घट्ट बांधल्याने दबलेलं अंग. दोन पेले पाणी प्यालात, रात्र गेली, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! चरबी अशी वितळत नाही. ज्यांना थायरॉइडचा त्रास आहे त्यांनी शेवाळाचे लेप डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, कारण शेवाळात आयोडीन असतं. विजेचा सौम्य प्रवाह सोडून करायचे उपचारही असतात. गरोदर बायकांनी आणि हृदयात पेसमेकर बसवलेल्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

राहिला वांग. गरोदरपणात किंवा संप्रेरकांच्या फरकाने अनेकींना तो येतो आणि उन्हाने वाढतो. रोज चांगलं सनस्क्रीन, डोक्यावर पदर नाहीतर छत्री, आणि एकदा त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला, हा त्याचा सरळ मार्ग. गोऱ्या रंगाच्या नावाखाली विकली जाणारी स्टिरॉइडयुक्त मलमं तर आपल्या मनाने मुळीच लावू नयेत. त्वचा पातळ होते आणि नंतरचा त्रास मूळच्या डागापेक्षा भारी पडतो.

माझ्या त्या ७२ डॉलरच्या बाटलीवरची बारीक अक्षरं मी घरी चष्मा लावून वाचली. घटकद्रव्यांच्या यादीत जे सर्वांत जास्त असतं त्याचं नाव आधी येतं. पहिलं नाव होतं पाणी, दुसरं ग्लिसरीन! वास मात्र छान आहे हो.

जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा

बोटीवर मसाज घेऊच नये, असं मी म्हणणार नाही. जरूर घ्या. आपल्या शरीरालाही कधीतरी विसावा हवा असतो. पण जाताना ही शिदोरी बांधून न्या.

एक : दर ठरवताना बक्षिसीचं आधी विचारा. अनेक जहाजांवर १८ ते २० टक्के रक्कम आपोआप बिलात चढते. माझे ११९ डॉलर असेच १४० च्या वर गेले. वर पावतीत ‘आणखी बक्षीस’ म्हणून एक रिकामी ओळ असते. ती भरलीच पाहिजे असं नाही. तिच्यावर रेघ मारा, खाली बेरीज लिहा, मग सही करा.

दोन : प्रकृतीचे प्रश्न खरे भरा. ‘चिंता कशाची’ ह्या प्रश्नापुढे ‘काही नाही’ लिहा. आपली दुःखं सांगायला माहेर आहे, मैत्रिणी आहेत.

तीन : पलंगावर आडवं व्हायच्या आधीच सांगा, ‘ओन्ली मसाज, प्लीज. नो प्रॉडक्ट्स.’ आणि बोलणं नको असेल तर, ‘आय वुड लाइक टु रेस्ट.’ उभं असताना, चष्मा डोळ्यांवर असताना जे धैर्य असतं, ते झगा घातल्यावर राहत नाही!

चार : तरीही शेवटी कागद पुढे आलाच, तर बहाणा सांगू नका. महाग आहे, जागा नाही, ह्यांना विचारते, ह्यातल्या प्रत्येकाला तिच्याकडे उत्तर तयार असतं. कारण दिलं की वाद सुरू झाला. ‘नको, थँक यू’ ह्याला मात्र उत्तर नसतं. हसून म्हणा, पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच म्हणा, पण त्यात एक शब्द वाढवू नका.

पाच : एखादी वस्तू खरोखरच आवडली, तर नाव लिहून घ्या आणि एक रात्र जाऊ द्या. पुष्कळदा तीच वस्तू जमिनीवर स्वस्त मिळते. घेतलीत तर सील फोडू नका, पावती जपा. परतीच्या विमानात शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत, तेही ध्यानात ठेवा.

सहा : डॉलरची किंमत रुपयांत करताना त्यात बँकेचं शुल्क धरा. परकीय चलनातल्या खर्चावर अनेक बँका ३ ते ३.५ टक्के वर लावतात.

आणि एक गोष्ट समजून असा. समुद्रावरचं जहाज ज्या देशात नोंदलेलं असेल त्या देशाचा कायदा तिथे लागतो. बहामा, पनामा अशा देशांत पुष्कळ जहाजं नोंदलेली असतात. तिकिटावरच्या बारीक अटीही असतात. त्यामुळे घरी येऊन भांडण्यापेक्षा तिथल्या तिथे ‘नको’ म्हणणं शंभर पटींनी सोपं.

आपल्या गल्लीतली बोट

बोट नाही, तर पार्लर आहेच! भुवया करायला जावं, तर दोरा हातात घेतल्याबरोबर सुरुवात. ‘ताई, स्कीन किती डल झालीय तुमची! केस किती गळतात हो!’ फेशियल करताना, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या असताना विचारतात, ‘गोल्ड करू की डायमंड?’ आपण आंधळ्यासारख्या ‘करा काहीतरी’ म्हणतो आणि उठल्यावर बिल बघून डोळे खाडकन उघडतात.

तिथेही हाच मंत्र. आधी दरपत्रक बघा, काय करायचं ते ठरवून सांगा, मग खुर्चीत बसा. न सांगता काही केलं आणि पैसे लावले, तर शांतपणे विचारा. पावती मागायला लाजू नका. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला आहे. वस्तूची खरी माहिती मिळणं आणि आपल्या मर्जीने निवड करणं हे त्यात ग्राहकाचे हक्क म्हणून लिहिलेले आहेत. खोटे दावे करून माल गळ्यात मारणं ही त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. फोनजवळच्या वहीत लिहून ठेवा.

पण कायदा, नंबर, हे सगळं नंतरचं. खरी गाठ आपल्या मनातली. कुणाचं मन मोडू नये, वाढलेलं पान परत करू नये, पाहुण्याला ‘नाही’ म्हणू नये, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. ते घरात, नात्यांत शोभतं. पण जिथे आपण दाम मोजून सेवा घेतो, तिथे ते ओझं कशाला वाहायचं? ‘भीड भिकेची बहीण’ असं आपल्या आज्या म्हणायच्या, ते उगीच नाही. भिडेपोटी माझी एका महिन्याची तासिका गेली. पैशांचं एक वेळ सोडा, पण दोन दिवस मी माझ्याच माणसांशी खोटं वागले, ते मला जास्त लागलं.

सिंगापूरहून निघायच्या आदल्या दिवशी मी वन्संना सारं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. हसून म्हणाल्या, “अगं, बँकेत लागले तेव्हा पहिल्या वर्षी मीपण एका गोड बोलणाऱ्याची विम्याची पॉलिसी घेऊन बसले होते. पुढे तीस वर्षं हप्ते भरले. तू तर दोन बाटल्यांत सुटलीस!”

ती बाटली अजून माझ्या आरशापुढे आहे. संपत आली आहे. वांग आहे तिथेच आहे. पण परवा पार्लरमध्ये नेहमीप्रमाणे ‘ताई, एक नवीन सिरम आलंय’ सुरू झालं, तेव्हा मी आरशातूनच तिच्याकडे बघून हसले आणि म्हटलं, “नको गं. फक्त भुवया.”

ती बरं म्हणाली आणि कामाला लागली. एवढंच असतं ते, मैत्रिणींनो. एकदा म्हणून तर बघा!